भिंत आणि गाडी यांच्यात किती माया ठेवायची

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशी नणंदेला आणायला पारोळ्याला निघायचं होतं. लेक आखाजीला माहेरी आली नाही तर आमच्या सासूबाईंना सण झाल्यासारखं वाटतच नाही, म्हणून सकाळी सातलाच मी शटर वर केलं. आई पिशवी घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. मी गाडी चालू केली, पुढे घेतली आणि तोंड गल्लीत आलं तसं स्टीअरिंग डावीकडे फिरवलं. आग्रा रोडला जायचं तर आमच्याकडून डावीकडेच वळावं लागतं. मागून आवाज आला. पत्र्यावरून खिळा ओढावा तसा, पण लांबलचक. मी घाबरून ब्रेक दाबला आणि घाईत थोडी मागे घेतली. त्यामुळे तोच आवाज दुसऱ्यांदा झाला.

"काय जायं वं माय?" आई ओट्यावरून उठून आल्या.

मागच्या डाव्या दारापासून चाकाच्या कमानीपर्यंत दीड हात लांबीचे दोन ओरखडे पडले होते. एक जातानाचा, एक मागे घेतानाचा. शटर ज्या लोखंडी पट्टीतून वर-खाली होतं, त्या पट्टीच्या धारेला गाडीचा लाल रंग लागला होता. मी बोटाने पुसला तर बोटावर लाल भुकटी आली. कुंकू पुसल्यासारखी. त्या दिवशी पारोळ्यापर्यंत मी एक शब्द बोलले नाही.

ही गाडी माझ्यासाठी काय आहे ते सांगते, म्हणजे मला इतकं का लागलं ते कळेल. मी धुळ्यात जुन्या गल्लीत बायकांचे कपडे शिवते. २२ वर्षं झाली. ब्लाउज, फॉल-पिको, लग्नसराईत घागरे. त्या पैशातून दोन वर्षांपूर्वी २०१८ची स्विफ्ट सेकंडहँड घेतली. आईंचे गुडघे गेलेत, त्यांना रिक्षात चढवत नाही. मी स्वतः ४६व्या वर्षी गाडी शिकले. घरात चारचाकी आणणारी पहिली मीच.

गाडी जिथे लावते ती खोली गाडीसाठी बांधलेली नाही. सासरे लोटगाडीवर कटपीस विकायचे. रात्री ती लोटगाडी आणि कापडाचे गठ्ठे ठेवायला रस्त्याकडची ही खोली होती. पुढे तिथे लुना राहिली, मग दोन दुचाक्या, आणि आता गाडी. धुळ्याच्या या गल्ल्या इंग्रज अधिकारी ब्रिग्ज यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आखून घेतल्या. एकीला एक समांतर, सरळ, नंबर दिलेल्या. म्हणून निदान गल्ली सरळ आहे. आमच्या दारापासून समोरच्या ओट्यापर्यंत १८ फूट भरतात, पण त्यातले दोन-तीन फूट उभ्या दुचाक्या खातात.

पारोळ्याहून परत आल्यावर गाडी तीन दिवस गल्लीतच लावली. आत घालायची भीतीच बसली होती. चौथ्या दिवशी दुपारी दुकानात एका मुलीच्या ब्लाउजचं माप घेत होते. छाती, कंबर, मुंढा, आणि सवयीने शेवटी "माया दीड इंच" असं वहीत लिहिलं. शिवणकाम करणाऱ्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. शिलाईच्या आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. उद्या ब्लाउज घट्ट झाला तर तेवढंच उसवून सैल करता येतं. माया न ठेवता कात्री लावली की कापड गेलं. ते लिहिता लिहिता हात थांबला. २२ वर्षं दुसऱ्यांची मापं घेतली, आणि स्वतःच्या गाडीचं आणि खोलीचं माप मी एकदाही घेतलं नव्हतं. नुसत्या नजरेने घालत होते आणि काढत होते.

संध्याकाळी दुकान लवकर बंद केलं आणि टेप घेऊन खोलीत गेले.

खोलीची रुंदी भिंतीपासून भिंतीपर्यंत ९८ इंच. शटरच्या दोन्ही पट्ट्या दोन-दोन इंच आत येतात, म्हणून तोंड ९४ इंच. लांबी १४ फूट, म्हणजे १६८ इंच. गाडीची रुंदी कंपनीच्या पुस्तकात १७३५ मिलिमीटर आहे, म्हणजे ६८ इंचांच्या किंचित वर. लांबी ३८४० मिलिमीटर, म्हणजे १५१ इंच. पण पुस्तकातल्या रुंदीत आरसे धरलेले नसतात. हे मला तोवर माहीत नव्हतं. ह्यांना दुसऱ्या बाजूला टेप धरायला लावून आरशाच्या टोकापासून टोकापर्यंत मोजलं, तर ७७ इंच भरलं. म्हणजे तोंडाशी पत्र्याला एकूण २६ इंच माया आहे, पण आरशांना फक्त १७. गाडी बरोबर मधोमध असेल तर आरसा आणि पट्टी यांच्यात दोन्हीकडे साडेआठ इंच. आणि गाडी मधोमध ठेवून चालत नाही, कारण मला उजव्या दाराने उतरायचं असतं.

मग मी उलटीकडून हिशेब केला. दार उघडून अंगाने बाहेर पडायला मला २१ इंच लागतात. कमी केले तर दार भिंतीला टेकतं आणि ओढणी अडकते. उजवीकडे २१ सोडले की डावीकडे भिंतीपर्यंत ९ उरतात, पट्टीपर्यंत ७, आणि डावा आरसा ते पट्टी जेमतेम अडीच इंच. ही अडीच इंचाची जागा डोळ्यासमोर आल्यावर पहिल्यांदा मला वाटलं, चूक हाताची कमी आणि मापाची जास्त होती.

तरी एक कोडं सुटत नव्हतं. आत घालताना मी किती जपून घालायची. लागलं ते बाहेर काढताना, आणि तेही मागच्या दाराला. पुढचा भाग तर सुखरूप बाहेर गेला होता. मग जिथून पुढचं गेलं तिथून मागचं का नाही गेलं?

हे कळलं ते पाण्यामुळे. रविवारी सकाळी गल्ली रिकामी होती. मी दारापुढे दोन बादल्या पाणी टाकलं, चारही चाकं त्यातून ओली करून घेतली आणि पुढे कोरड्या फरशीवर गाडी सावकाश डावीकडे वळवून थांबवली. उतरून पाहिलं. पुढच्या डाव्या चाकाची ओली रेघ बाहेरून वळसा घेऊन गेली होती, आणि मागच्या डाव्या चाकाची रेघ तिच्या आतून, कोपरा कापून. स्टीअरिंग अर्धंच फिरवलं होतं तरी दोन रेघांमध्ये टेपने १६ इंच भरले. मागची चाकं वळत नाहीत, ती फक्त ओढली जातात, म्हणून जवळची वाट धरतात. माझ्याकडे डावीकडे माया सात इंचांची, आणि मागचं चाक १६ इंच आत येणार. लागणारच होतं. पाणी पाच मिनिटांत वाळून गेलं, पण त्या दोन रेघा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहेत. ज्यांना ही भीती वाटते त्यांनी एकदा हे करून पाहावं. कोणी कितीही तोंडाने सांगितलं तरी डोळ्यांनी पाहिल्यासारखं कळत नाही.

तेव्हापासून बाहेर काढताना मी सरळ जाते. मागच्या दाराची मूठ पट्टीच्या बाहेर गेल्याशिवाय स्टीअरिंगला हात लावत नाही. तोवर गाडीचं तोंड समोरच्या ओट्याच्या बरंच जवळ गेलेलं असतं. तिथे थोडं वळवते, थांबते, जरा मागे घेते, पुन्हा पुढे. एका दमात निघायचा हट्ट सोडला. दोन मिनिटं जास्त लागतात, मागचे दुचाकीवाले हॉर्न वाजवतात, वाजवू दे.

आत नेहमी मागूनच घालते, म्हणजे रिव्हर्समध्ये. वळणारी चाकं शेवटपर्यंत गल्लीत राहतात, तिथे जागा असते, त्यामुळे गाडी खोलीच्या सरळ रेषेत आणता येते. फक्त मागे घेताना वळवलं की तोंड बाहेरच्या बाजूला झुलतं, तेव्हा समोर उभ्या दुचाक्यांकडे लक्ष ठेवावं लागतं. डावा आरसा खाली झुकवून ठेवते, मागचं चाक आणि जमिनीवरची रेघ दिसेल इतका.

ही रेघ आधी मी शिवणाच्या खडूने मारली. निळा खडू. गाडी बरोबर जागेवर उभी करून डाव्या चाकांच्या बाहेरच्या कडेने सरळ ओढली आणि गल्लीत चार फूट पुढे नेली. आठवडाभर त्या रेघेवर सराव केला, जुळतेय असं वाटल्यावर त्यावरूनच पांढरा ऑइलपेंट मारला. कापडावर आधी खडू, मग कात्री. इथेही तसंच करावं, कारण पहिली रेघ माझी दोन इंच चुकली होती. खडू होता म्हणून पुसता आली.

मागे किती जायचं, त्यासाठी मागच्या चाकांना अडेल अशी सागाची जाड पट्टी फरशीला बोल्टने बसवून घेतली. आधी विटा ठेवल्या होत्या, त्या चाकाबरोबर सरकतात. मागे ८ इंच आणि पुढे शटरपाशी ९ इंच राहतात. आडव्या वाशाला दोरीने चिंध्यांचा चेंडूही टांगलाय. तो मागच्या काचेला अलगद टेकला की थांबायचं. सेन्सर नंतर बसवून घेतला. १ जुलै २०१९पासून नव्या गाड्यांना मागचा सेन्सर सक्तीचा झाला, माझी त्याआधीची, म्हणून तिला नव्हता. सेन्सर कामाचा आहे, पण त्याच्यावर विसंबू नये असं माझं ठाम मत आहे. तो बंपरमधून मागे आवाजाच्या लहरी सोडतो आणि परत येणारा आवाज ऐकतो. बाजूच्या भिंतीचं त्याला काही माहीत नसतं. अरुंद खोलीत गाडीला लागतं ते बाजूनेच.

आता भिंतीचं. बाजारातून चिकटवायचे फोमचे पट्टे आणले होते. आमच्या भिंती जुन्या, चुन्याच्या. गोंद चुना घेऊन खाली येतो. त्यात वैशाखात इथे पारा ४२-४३च्या वर जातो, चिकटपट्टी वितळल्यासारखी होते. पंधरा दिवसांत सगळे पट्टे जमिनीवर पडले. आणि पडले ते बरंच झालं. उचलून पाहिले तर फोमच्या भोकाभोकात गल्लीतली बारीक वाळू बसली होती. असल्या फोमला रोज गाडीचं दार घासलं तर तो फोम राहतच नाही, पॉलिश पेपर होतो. गाडीला कव्हर घालणाऱ्यांनाही हेच सांगेन, धुळीच्या गाडीवर कव्हर ओढू नका.

मग मी भिंतीला गोधडी शिवली.

आत एक इंच जाड फोम, त्यावर जुन्या सुती लुगड्याचे तीन थर, आणि वरून काढता येईल अशी खोळ, उशीच्या अभ्र्यासारखी. लांबी चार फूट, रुंदी सव्वा फूट. दार उघडल्यावर त्याची कड भिंतीला जिथे टेकते तिथे खडूने खूण केली आणि गोधडीचा मध्य बरोबर तिथे येईल अशी टांगली. गोधडीला हूक, चेन, टिचबटण काहीही लावलं नाही. धातूचा कणसुद्धा गाडीच्या बाजूला नको. नाड्या लावल्या, आणि भिंतीत वर, गाडीच्या काचेच्याही वर, लाकडी खुंट्या ठोकून त्यांना बांधल्या. रेक्झिनचीही एक शिवून पाहिली होती, पुसायला सोपी म्हणून. पण उन्हाळ्यात रेक्झिन पत्र्याला चिकटतं आणि डाग सोडतं. सुतीच चांगलं. दर दुसऱ्या रविवारी खोळ काढून धुते. पहिल्या धुण्याला बादलीच्या तळाशी चिमूटभर नाही, चांगली मूठभर माती निघाली.

लोखंडी पट्टीच्या धारेचा इलाज माझ्या भावाने काढला. त्याची शिंदखेड्याकडे शेती आहे. ठिबकच्या जुन्या नळ्यांचं वेटोळं त्याच्या शेडमध्ये पडलं होतं. त्यातली काळी नळी लांबीत उभी चिरली आणि पट्टीच्या बाहेरच्या धारेवर दाबून बसवली. शटरच्या खाचेत ती जात नाही ना, हे आधी शटर वर-खाली करून बघावं. शेतात वर्षानुवर्षं ऊन खाल्लेली नळी आहे, तिला खोलीतल्या उन्हाचं काय? जमिनीपासून साडेतीन फुटांपर्यंत दोन्ही बाजूंना लावली. खालपासून आरशापर्यंत सगळी उंची त्यात येते.

आई आता गाडी आत जायच्या आधीच ओट्यापाशी उतरतात. डावं दार आत उघडायचंच नाही, हा घरातला नियम. पाहुणे असले तरी बाहेरच उतरवते.

ओरखड्याचं काय केलं तेही सांगायला हवं, कारण बरेच जण घाबरून लगेच विम्याकडे धावतात. आधी नख फिरवून बघायचं. नख न अडकता सरकलं तर ओरखडा वरच्या पारदर्शक थरातला असतो, रबिंगने बराचसा जातो. नख अडकलं तर खाली रंगापर्यंत गेलेला आहे. पत्रा उघडा दिसत असेल तर पावसाळ्याआधी झाकायलाच हवा, नाहीतर गंज धरतो. बंपर प्लास्टिकचा, त्याला गंजाची भीती नाही, तिथे थांबता येतं. माझ्या दोन ओरखड्यांपैकी एकात नख अडकत होतं. पेंटरने दार आणि मागची बाजू मिळून साडेसात हजार सांगितले. विम्याला टाकलं असतं तर छोट्या गाडीला सुरुवातीचे हजार रुपये आपल्याच खिशातून जातात, आणि क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी सूट शून्यावर येते. ही सूट पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५० अशी चढत जाते. माझी २५ वर आली होती. वहीत दोन्ही हिशेब मांडले आणि पैसे खिशातून भरले. मोठं नुकसान असतं तर क्लेम घेतला असता.

एक गोष्ट मात्र मनात राहते. गाड्या रुंद होत चालल्यात आणि घरं आहेत तेवढीच आहेत. मारुती ८०० फक्त १४४० मिलिमीटर रुंद होती. आमच्या खोलीत ती आली असती तर दोन्हीकडून दारं उघडली असती. २००५ची पहिली स्विफ्ट १६९० होती, माझी १७३५. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांचा कर कमी झाला. तेव्हापासून कंपन्या लांबी चार मीटरच्या आत राखतात. रुंदीला तसं कुंपण कोणी घातलं नाही. म्हणून गाडी लांबीला छोटी दिसते आणि शटरशी आल्यावर कळतं की ती अंगाने भरलेली आहे. शोरूममध्ये कोणी आरशासकट रुंदी सांगत नाही. विचारावी, नाहीतर स्वतः टेप घेऊन जावं. मी गेले असते तर कदाचित वॅगन आर घेतली असती, ती १६२० आहे. साडेचार इंच! शिवणात साडेचार इंच म्हणजे केवढे, ते माझ्या बायांना विचारा.

गेल्या महिन्यात आमच्या ओळीतल्या तिसऱ्या घरच्या काकांनी नेक्सॉन बुक करायचं ठरवलं. मुलगा पुण्याला असतो, त्याने सुचवली. काका दुकानावर आले आणि म्हणाले, "ताई, तुमची बसते तर आमची बसेलच ना?" मी मशीन बंद केलं, टेप गळ्यात होताच, त्यांच्याबरोबर गेले. त्यांचं तोंड बरोबर सात फूट, ८४ इंच. नेक्सॉन १८०४ मिलिमीटर, म्हणजे ७१ इंच, आरसे सोडून. १३ इंच उरतात, दोन्हीकडचे मिळून. मी त्यांच्या फरशीवर निळ्या खडूने गाडीची रुंदी आखून दाखवली आणि म्हटलं, "काका, या दोन रेघांच्या मधे गाडी आहे असं समजा. आता उजव्या बाजूने उतरून दाखवा." काकांनी काल्पनिक दार उघडलं, भिंतीकडे पाठ करून अंग चोरलं आणि दोन पावलं सरकले. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या.

"मी कशी उतरू?" त्या म्हणाल्या.

काकांनी खिशातून मोबाईल काढून मुलाला फोन लावला. खडूच्या रेघा अजून तशाच आहेत त्यांच्या फरशीवर. काकू झाडताना तेवढ्या सोडून झाडतात. येत्या रविवारी मुलगा आला की तिघं मिळून पुन्हा मोजणार आहेत, आणि मला टेप घेऊन बोलावलंय.